एडलवाइस घरात: ऊब नको, थंडी द्या

एडलवाइस म्हणजे युरोपातल्या उंच पर्वतांवरचं, पांढऱ्या चांदणीसारखं फूल. त्याचं रोप घरात दगावतं ते दुर्लक्षामुळे क्वचितच. बहुधा ते जास्तीच्या काळजीने जातं: रोज घोटभर पाणी, कुंडीत मूठभर गांडूळखत, हिवाळ्यात खोलीतली सगळ्यात उबदार जागा. जास्वंदीला किंवा मनी प्लँटला जे मानवतं, नेमकं तेच या रोपाच्या मुळावर येतं. म्हणून लागवडीच्या पायऱ्या पाठ करण्याआधी डोंगरावर हे झाड कसं जगतं ते समजून घ्यायला हवं. तेवढं कळलं की अर्ध्या चुका आपोआप टळतात.

एडलवाइस आल्प्स, पिरेनीज आणि कार्पेथियन पर्वतांत, साधारण १,८०० ते ३,००० मीटर उंचीवर, बहुतेक चुनखडीच्या कपारींत आणि उतारावरच्या विरळ गवतात वाढतं. ऑस्ट्रियाच्या दोन सेंटच्या नाण्यावर हेच फूल आहे. बियांच्या पाकिटावर त्याचं शास्त्रीय नाव लिओंटोपोडियम अल्पिनम असं असतं. नव्या वर्गीकरणात ते लिओंटोपोडियम निवाले या जातीत धरतात, त्यामुळे दोन्ही नावं दिसली तरी गोंधळू नका. या वंशाच्या बहुतेक जाती आशियातल्या आहेत. आपल्या हिमालयातही त्याची भावंडं आहेत आणि त्यांची निगाही जवळपास अशीच राखावी लागते.

फूल जवळून पाहिलं तर पहिली गंमत कळते. ज्याला आपण पांढऱ्या पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नसतातच. ती लोकरीसारख्या लवेने मढलेली पानं असतात. खरी फुलं म्हणजे मधोमध दाटीने बसलेल्या पाच-सहा, कधी त्याहून जास्त, पिवळसर गोंड्या. झाड सूर्यफुलाच्या कुळातलं असल्याने त्या प्रत्येक गोंडीत डझनावारी सूक्ष्म फुलं असतात. पांढरी लव शोभेसाठी नाही. उंचावर हवा विरळ, ऊन तिखट आणि अतिनील किरण जास्त. बेल्जियममधल्या नामूर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं की लवेच्या प्रत्येक केसावर सुमारे ०.१८ मायक्रोमीटर जाडीचे समांतर धागे असतात. ते अतिनील किरण शोषून घेतात आणि दिसणारा प्रकाश मात्र पानापर्यंत जाऊ देतात. वाऱ्याने पानातलं पाणी उडून जाऊ नये यासाठीही ही लव कामी येते. पण हीच लव सखल भागातल्या दमट खोलीत थेंब धरून ठेवते आणि तिथेच बुरशी धरते. डोंगरावर जे कवच असतं, तेच घरात दुखणं होतं.

डोंगरावर या झाडाला मिळतं ते असं: उन्हाळ्यात दिवसा १५ ते २० अंश आणि रात्री ५ ते ८ अंश तापमान, पहाटेपासून रात्रीपर्यंत लांबलेला, सावलीविना उजेड, पडलं की निथळून जाणारं पाणी, सतत वाहती हवा, आणि वर्षातले पाच-सहा महिने बर्फाखालची झोप. घरात यातली एकही गोष्ट आपसूक मिळत नाही.

यातली थंड रात्र सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते, म्हणून तिचं गणित जरा उलगडून सांगतो. झाड दिवसा प्रकाशात साखर तयार करतं आणि रात्री श्वसनासाठी ती खर्च करतं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. आल्प्समधली ८ अंशांची रात्र आणि मे महिन्यातल्या बंद खोलीतली २८ अंशांची रात्र यांत २० अंशांचा फरक, म्हणजे रात्रीचा खर्च जवळपास चौपट. त्यात खिडकीतला उजेड कमी, म्हणून दिवसाची कमाईही थोडी. आमदनी अठन्नी आणि खर्चा रुपय्या अशी अवस्था झाली की रोप आधी लांबट, फिकट होतं आणि मग खालच्या पानांपासून बसत जातं. त्याला खत देऊन काही उपयोग नसतो; उपाय एकच, रात्रीचं तापमान खाली आणणं.

युरोपातले जाणकार अशा झाडांसाठी वेगळं काचघर बांधतात. त्यात हीटर नसतो आणि झरोके शक्यतो उघडे असतात. काच तिथे ऊब धरायला नसते. पावसापासून आणि हिवाळी ओलीपासून आडोसा म्हणून असते. लंडनच्या क्यू उद्यानातलं, २००६ मध्ये उघडलेलं डेव्हिस अल्पाइन हाउस याच तत्त्वावर चालतं: जमिनीखालच्या काँक्रीटच्या चक्रव्यूहातून थंड झालेली हवा आत येते आणि तापलेली हवा उंच छतातून बाहेर पडते. आपल्याला घरात याचीच छोटी आवृत्ती जमवायची आहे.

कुंडी आणि माती

पाण्याचा निचरा हाच इथे जीव की प्राण. १२ सेंटिमीटर व्यासाच्या पाच-सहा कुंड्यांसाठी सुमारे पाच लिटर मिश्रण लागतं. त्यात अडीच लिटर दगडाची २ ते ५ मिलिमीटरची बारीक खडी, सव्वा लिटर जाड रेती आणि सव्वा लिटर जुनं, चाळलेलं पालापाचोळ्याचं खत घ्या. निम्म्या खडीऐवजी परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) चालतं. खडी आणि रेती दोन्ही चाळून धुऊन घेणं टाळू नका. त्यातली पूड खाली बसून दगडी गाळ होते आणि छिद्रं बुजवते. क्रश सँडमध्ये ही पूड खूप असते. एडलवाइसला चुना मानवतो, सामू (पीएच) ७ ते ८ चालतो, त्यामुळे खडीतला थोडा वाटा नर्सरीत मिळणाऱ्या संगमरवराच्या बारीक चिपांचा असला तर उत्तमच.

नर्सरीतली लाल माती आणि शेणखत हे आपलं नेहमीचं मिश्रण इथे नको. जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि वर्षभरात दाबून बसते. काळी माती तर अजिबात नाही. कोकोपीटही टाळा, कारण ते पाणी धरून ठेवतं आणि नीट धुतलेलं नसेल तर त्यात क्षार असतात.

मिश्रण जमलं की नाही हे पाहायची सोपी चाचणी: भरलेल्या कुंडीवर पेलाभर पाणी एकदम ओता. ते पाच-सात सेकंदांत आत जिरून खालून ठिबकू लागलं पाहिजे. वर तळं साचलं तर आणखी खडी घाला.

कुंडी मातीचीच घ्या, न रंगवलेली. तिच्या भिंतीतून पाणी झिरपून बाष्प होतं आणि माठातल्या पाण्यासारखी आतली मुळं हवेपेक्षा काही अंशांनी थंड राहतात. हा फायदा वाढवायचा तर दोन कुंड्यांची युक्ती करा: १२ सेंटिमीटरची कुंडी १८-२० सेंटिमीटरच्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत रेती भरा आणि उन्हाळ्यात पाणी त्या रेतीला द्या. झाडाच्या बुडाशी ओल येत नाही आणि मुळं गार राहतात. हवा कोरडी असेल तेव्हाच ही युक्ती चालते. मुंबईच्या पावसाळ्यात बाष्पीभवन होतच नाही, तेव्हा ती रेती कोरडी ठेवलेली बरी.

लावून झालं की रोपाच्या मानेभोवती, पानांच्या चक्राखाली, दीड सेंटिमीटर खडीचा थर द्या. खालची पानं ओल्या मातीला टेकली की सडायला सुरुवात तिथूनच होते.

बी पेरणं

बी धुळीसारखं बारीक असतं आणि त्याला उगवायला उजेड लागतो. ते मातीने झाकलं की उगवण जवळपास थांबते, आणि "पाकीट खराब निघालं" या तक्रारीमागे बहुतेकदा हेच कारण असतं. दुसरी गरज थंडीची. काही बिया थंडीविनाही उगवतात, पण तीन-चार आठवडे गारवा मिळाला तर उगवण एकसारखी होते.

उथळ कुंडीत वरचंच मिश्रण, पण वरचा एक सेंटिमीटर बारीक चाळून भरा. कुंडी पाण्याच्या ताटात ठेवून खालून भिजवा आणि निथळू द्या. बी चिमूटभर कोरड्या रेतीत मिसळून वर भुरभुरा, बोटाने हलकंच दाबा. कुंडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ३ ते ५ अंशांवर, तीन-चार आठवडे ठेवा. फ्रीझरमध्ये नको. त्यानंतर १५ ते २० अंशांच्या, भरपूर उजेडाच्या पण थेट उन्हाच्या नसलेल्या जागी काढा. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसू लागतात. तापमान २५ अंशांच्या वर गेलं की उगवण घसरते, म्हणून पुण्या-नाशकात फ्रीजची पायरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उरकून नोव्हेंबरच्या सुरुवातीला कुंडी बाहेर येईल असं बेता.

कोंब दिसले की पिशवी लगेच काढा. बंद दमट हवेत कोंब जमिनीलगत काळे पडून एका रात्रीत आडवे होतात. ही रोपमर आहे. ती सुरू झाल्यावर औषधाने क्वचितच थांबते, हवा खेळती ठेवून आधीच टाळावी लागते. चार खरी पानं आली की रोपं चमच्याच्या दांड्याने उचलून छोट्या कुंड्यांत हलवा. धरायचं ते पानाला, देठाला नाही.

उजेड

घरातला उजेड डोळ्याला भरपूर वाटतो, पण झाडाच्या हिशेबात तो फार थोडा असतो. फोनमधल्या लक्स (उजेड मोजायचं एकक) मोजणाऱ्या अॅपने अंदाज घ्या. भर दुपारी उघड्यावर लाखाच्या आसपास लक्स असतात आणि खिडकीपासून मीटर-दोन मीटर आत आलं की बहुतेक घरांत हजार-दोन हजार. एडलवाइसला घरात निदान २०,००० ते २५,००० लक्स, रोज १४ ते १६ तास हवेत. दक्षिणेकडची, समोर इमारत नसलेली खिडकी जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये उन्हाळ्यात पुरते. आपल्याकडे मार्चनंतर त्याच खिडकीची काच तापते आणि उजेडासोबत नको तेवढी उष्णता आत येते, म्हणून पूर्वेची खिडकी आणि जोडीला पांढरा एलईडी दिवा हा मार्ग बरा. दिवा रोपाच्या वर २० ते २५ सेंटिमीटरवर, टायमर लावून. ३० वॅटचा दिवा १५ तास चालला तर रोज अर्ध्या युनिटाहून कमी वीज लागते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. खिडकीची काच अतिनील किरणांचा मोठा भाग अडवते. त्यात उजेड कमी आणि माती सुपीक असली तर घरातली चांदणी चित्रातल्यासारखी शुभ्र निघत नाही, थोडी हिरवट-करडी राहते. मार्च ते मे युरोपात रोपाला, किंवा डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या गच्चीवर नोव्हेंबरात उगवलेल्या, फ्रीजमध्ये न ठेवलेल्या रोपाला उघड्यावरचं ऊन दाखवलं तर लवेत फरक डोळ्यांना दिसतो. मात्र घरातून थेट उन्हात नेऊ नका. आठवडाभर रोज तासाभराने वाढवत न्या.

पाणी आणि खत

वाढीच्या दिवसांत वरची दोन सेंटिमीटर माती कोरडी झाली की पाणी द्या, आणि दिलं की छिद्रांतून बाहेर येईपर्यंत द्या. मग पुन्हा कोरडं होऊ द्या. दोन वेळांतलं अंतर दिवसांवर नाही, कुंडीच्या वजनावर ठरवा. ओली आणि कोरडी कुंडी उचलून पाहिली की आठवडाभरात हाताला अंदाज येतो. पाणी पानांवर पडू देऊ नका, तुषार तर कधीच नको. बोअरचं जड पाणी, जे पुष्कळ कुंडीतल्या झाडांना बाधतं, ते इथे चालतं. चुनखडीवर वाढणारं झाड आहे हे.

खताच्या बाबतीत हात आखडता हवा. वसंतात वाढ सुरू होताना टोमॅटोसाठीचं, नत्र कमी आणि पालाश जास्त असलेलं द्रव खत पाव मात्रेने एकदा, महिन्याने आणखी एकदा. बस. नत्र जास्त झालं की पानं मोठी, हिरवीगार आणि मऊ होतात, लव विरळ होते आणि मावा धावून येतो. पाहणाऱ्याला असं रोप फार निरोगी वाटतं, पण ते पहिल्याच दमट आठवड्यात बसतं.

हिवाळ्याची झोप

पहिलं वर्ष बहुतेक रोपं फक्त पानांचं चक्र धरतात; फूल दुसऱ्या वर्षी येतं आणि तेही मध्ये नीट थंडी मिळाली तरच. थंडीचे आठवडे झाडाच्या आतल्या कळी धरण्याच्या प्रक्रियेचा भाग आहेत. ते चुकले तर वसंतात पानं येतात, फूल येत नाही, आणि विश्रांतीविना दोन-तीन वर्षांत झाड थकून मरतं.

युरोपात राहणाऱ्यांचं काम सोपं आहे. रोप हिवाळ्यात दिवाणखान्यात आणूच नका. बाल्कनीत, भिंतीला लागून, वर छप्पर असलेल्या जागी ठेवा. बर्फ आणि शून्याखालचं तापमान याचं त्याला काही वाटत नाही. ओली कुंडी वारंवार गोठणं-वितळणं आणि पावसाची सततची भिजभिज यांनीच ते मरतं. खरं तर तिथे हे रोप वर्षभर बाहेरच शोभतं आणि फुलावर असताना आठवडाभर घरात आणलं तर पुरे. तिथल्या हिवाळ्यात २१ अंशांच्या खोलीत ठेवलेलं एडलवाइस वाचवायचा दुसरा उपाय नाही.

महाराष्ट्रात मात्र फ्रीजच लागतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री १०-१२ अंशांपर्यंत उतरतात, पण दिवसा पारा २८-३० वर जातो आणि रात्रीची थंडी फुकट जाते. महाबळेश्वरच्या उंचीवरही भिस्त ठेवू नका. ते जेमतेम १,३५० मीटरवर आहे आणि तिथला पावसाळा या झाडासाठी आल्प्सच्या अगदी उलट. कासच्या पठारावरची फुलं पावसाच्या ओलीवर जगतात, एडलवाइस त्या ओलीत सडतं.

फ्रीजची रीत अशी. नोव्हेंबरपासून पाणी हळूहळू कमी करा आणि दिव्याचे तास आठवर आणा. डिसेंबरच्या मध्यापर्यंत बाहेरची पानं पिवळी पडून वाळतील. ते चांगलं लक्षण आहे. वाळलेली पानं कात्रीने कापा, ओढून काढू नका, नाहीतर मधला डोळा दुखावतो. माती जेमतेम ओलसर असताना कुंडी वर्तमानपत्रात सैल गुंडाळून ३ ते ५ अंशांच्या कप्प्यात १० ते १२ आठवडे ठेवा. फ्रीजमधली हवा कोरडी असते, म्हणून तीन आठवड्यांनी दोन-तीन चमचे पाणी कडेने द्या. दर पंधरवड्याला उघडून बुरशी पाहा. त्याच फ्रीजमध्ये सफरचंद, केळी, टोमॅटो ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कळ्यांचं नुकसान करतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी वेगळा छोटा फ्रीज वापरावा.

मार्चमध्ये बाहेर काढलेलं रोप पहिले चार-पाच दिवस घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, मंद उजेडात ठेवा. मधून राखाडी-हिरवा कोंब वर येऊ लागला की दिव्याखाली न्या आणि पाणी सुरू करा. तिथून फुलापर्यंत साधारण दोन ते तीन महिने धरा. म्हणजे आपल्याकडे फूल ऐन मे-जूनमध्ये येणार, आणि त्या काळात दिवसा २५, रात्री १८ अंशांच्या आत ठेवायचं तर एसीची खोली लागते. हा खर्च आणि विजेचा वापर आधी डोळ्यांपुढे ठेवूनच कामाला लागा. ते जमणार नसेल तर नोव्हेंबरमध्ये रोपं उगवून फेब्रुवारीपर्यंत लवदार पानांचं चक्र पाहणं, एवढाच एका हंगामाचा बेत प्रामाणिक आहे; पानं फुलाइतकीच देखणी असतात. मुंबई आणि कोकणात एसीशिवाय हा नाद करू नये असंच सांगावं लागेल.

काय बिघडतं आणि का

मधली पानं पाणावल्यासारखी, पारदर्शक दिसून बोट लावताच सुटून आली तर मान सडली आहे. कारण नेहमी ओल अधिक उष्णता. रोप उपटून काळी मुळं कापा, कडेचा निरोगी फुटवा मिळाला तर फक्त खडी-रेतीत लावा. मूळ रोप वाचत नाही.

लवेवर राखाडी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तो भाग कापून छोटा पंखा दिवसभर मंद गतीवर चालू ठेवा. वारा थेट रोपावर नको, त्याच्यावरून जाणारा हवा.

मावा फुलाच्या दांड्यावर आणि कधी मुळांवरही असतो. आपला हात सवयीने निंबोळी तेलाकडे जातो, पण तेल आणि साबणाचं पाणी लवेत अडकून राहतं, लव चिकटते आणि तिचा पांढरा रंग जातो. मऊ कोरड्या ब्रशने मावा झटका, चिलटांसाठी पिवळे चिकट कागद लावा. मुळांवर पांढरी मेणासारखी पूड दिसली तर सगळी माती धुऊन नव्या मिश्रणात लावणं हाच इलाज. एसीच्या कोरड्या हवेत पानांच्या मागे बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळ्यांची असते. अशी पानं कापून टाका आणि रोप काही दिवस वेगळं ठेवा.

दांडा वीतभर लांब होऊन कलंडला तर उजेड कमी पडतो आहे. काठीचा आधार देऊ नका, दिवा खाली आणा.

पुढची पिढी

एडलवाइस तसं अल्पायुषी आहे, कुंडीत तीन-चार वर्षं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, झोपेतून उठल्या उठल्या, गड्डा हाताने दोन-तीन भागांत सोडवून वेगवेगळा लावा; सुरी लावली तर जखमेतून सड शिरते. प्रत्येक भागाला स्वतःची पांढरी मुळं हवीत. फुलं वाळल्यावर गोंड्यांतून केसाळ बी सुटू लागतं, ते कागदी पाकिटात घालून फ्रीजमध्ये कोरडं ठेवा आणि पुढच्याच हंगामात पेरा. ताज्या बीची उगवण चांगली असते.

आल्प्सच्या बहुतेक भागांत रानातलं एडलवाइस संरक्षित आहे. तिथून फूल किंवा रोप उचलणं हा गुन्हा आहे आणि उचललेलं रोप घरात जगतही नाही. बी विकतचंच घ्या. परदेशातून भारतात बी किंवा रोप आणायचं तर २००३ च्या प्लँट क्वारंटाइन आदेशानुसार आयात परवाना आणि निघाल्या देशाचं फायटोसॅनिटरी (बी-रोप कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र लागतं. स्मरणवस्तूंच्या दुकानातलं पाकीट बॅगेत टाकण्याआधी ही कागदपत्रं मिळतील का ते विचारून घ्या.